अपत्ये : एक

"म्हणजे तुम्ही नेमके कोण?"

सरांनी हे विचारलं तेव्हा मी उभी होते. अकरावीचा पहिला आठवडा, समाजशास्त्राचा पहिला तास. नाव सांगून झालं होतं, आडनाव सांगून झालं होतं, तरी सर "बस" म्हणत नव्हते. माझ्या आधी वीसेक जण सांगून बसले होते. काहींचं आडनाव ऐकूनच सर मान हलवायचे. एकीला तर म्हणाले, "अरे वा, वकीलसाहेबांची नात का तू?" ती हसत हसत बसली. माझं आडनाव अडचणीचं. ते शेतीवाल्यांत आहे, आमच्यात आहे, आणखी दोन जातींत आहे. नुसतं ऐकून पत्ता लागत नाही. म्हणून मला उभं ठेवलं.

कॉलेज अमरावतीतलं, जुनं, नावाजलेलं. वर्गात साठेक पोरंपोरी, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळलेल्या. सरांचा आवाज मऊ होता. त्यांना माझा अपमान करायचा नव्हता. त्यांना फक्त माहीत करून घ्यायचं होतं, तेही अभ्यासासाठी.

मी म्हटलं, "शेतकरी, सर."

"गाव?"

"तेल्हारा."

"म्हणजे कपाशी."

"हो सर. कपाशी."

"छान. बस."

मी बसले. तेल्हाऱ्याकडे आमचं हातभर वावर नाही. तिथल्या नाल्याकाठची शिंदीची झाडं तेवढी आमच्या ओळखीची. माझा आजा शिंदीची पानं कापून आणायचा आणि फडे बांधायचा. फडा म्हणजे केरसुणी. वऱ्हाडात आम्ही फडाच म्हणतो. आजानंतर बाप बांधू लागला. मी चौथीत असताना बाप गेला, तेव्हापासून हे काम मायकडे. बडनेऱ्याला रेल्वेच्या पटरीपलीकडे आमची वस्ती आहे. तिथं दारात बसून माय दिवसभर फडे बांधते, आणि ते डोक्यावर घेऊन अमरावतीच्या कॉलन्यांमधून विकते. आम्ही मातंग. गावात आमच्यासाठी दुसरा शब्द वापरतात. तो इथं लिहायची गरज नाही, तुम्हाला माहीत आहे.

हे सगळं मी एका शब्दात पुसून टाकलं होतं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. सरांनी विचारलं आणि माझ्या तोंडून ते असं सहज निघालं, जणू घरून पाठ करून आले होते.

त्या एका शब्दानं मला मैत्रीण मिळाली. तिला इथं राधिका म्हणते. चांदूर बाजारकडची, घरी संत्र्याची बाग, वडिलांचा तालुक्यात मान. तास संपताच ती सरकून माझ्या शेजारी आली. "तू त आमच्यातलीच निघाली वं! तुह्या आडनावाचे आमचे पाव्हणे हायेत." मी हसले. तिनं डबा उघडला, माझ्यापुढं केला. मी तिच्या डब्यातलं खाल्लं, तिनं माझ्यातलं. माझ्या मायच्या हातची भाकर तिला आवडायची. मला त्याचा आनंद व्हायचा आणि घासागणिक भीती वाटायची.

मागासवर्गीय शिष्यवृत्तीची यादी फलकावर लागली की मी सगळ्यांच्या आधी जाऊन त्या कागदाला पाठ लावून उभी राहायचे. राधिका म्हणायची, चल ना वर. मी म्हणायचे, थांब, पाय दुखून राहिला. सोळा वर्षांची पोरगी, स्वतःचं नाव पाठीनं झाकून उभी. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. हसू येत नाही.

समाजशास्त्र मला आवडायचं, हीच गंमत. विषय मी निवडला नव्हता. प्रवेशाच्या वेळी बाबूनं फॉर्मवर टिक मारली, झालं. पण पुस्तकात सगळं आमचंच होतं. जात, व्यवसाय, स्तरीकरण, शिवाशिव. एकेक धडा वाचताना वाटायचं, हे ज्यानं लिहिलं त्यानं आमच्या वस्तीत चक्कर मारली असावी. सर शिकवायचेही चांगलं. म्हणायचे, "ओळखीच्या जगाकडे अनोळखी नजरेनं बघायला शिका. तेच समाजशास्त्र." मी हे वाक्य वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

दिवाळीच्या आधी सरांनी प्रकल्प जाहीर केला. वस्ती सर्वेक्षण. "पारंपरिक व्यवसाय करणारं कुटुंब आणि सामाजिक बदल." दोघादोघांच्या जोड्या, छापील फॉर्म, नंतर सभागृहात सादरीकरण.

"कुठं जायचं, सर?" कोणीतरी विचारलं.

"बडनेरा. पटरीच्या पलीकडे फडेवाल्यांची वस्ती आहे."

बाकीच्यांसारखं मीही ते वहीत उतरवून घेतलं. राधिका शेजारून म्हणाली, "आपली जोडी हं." मी मान हलवली.

गैरहजर राहता आलं असतं. तापाचं नाटक करता आलं असतं. पण मला वाटलं, मी नसले आणि वस्तीतल्या कोणी म्हटलं की आमची एक पोरगी तुमच्याच कॉलेजात आहे, तर? सोबत असले तर निदान निस्तरता येईल. खोटं बोलणाऱ्याचं डोकं असंच चालतं. पहारा द्यायला मी स्वतःच्या घरी निघाले.

आदल्या दिवशी मायला सांगितलं. "उद्या कॉलेजचे लोकं येनार हायेत. फॉर्म भरतीन. तू घरी नको राहू. फडे घिऊन अमरावतीले जाय."

माय पानं पाण्यात भिजत घालत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पानं बुडवू लागली. मी समजले, ती जाईल.

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीत शिरलो. पन्नास पोरं, गणवेशात, गळ्यात ओळखपत्रं, हातात पाण्याच्या बाटल्या. सरांनी कोपऱ्यावर थांबवून सूचना दिल्या. "विनम्र राहा. घरात शिरू नका, दारातूनच विचारा. एकानं विचारायचं, एकानं लिहायचं." शेजारची काकू दारात तांदूळ निवडत होती. जन्मल्यापासून मला कडेवर खेळवलेली बाई. तिनं मला पाहिलं, त्या घोळक्यात, आणि काय समजायचं ते समजली. सूप उचललं आणि आत गेली. पुढच्या घरचीही आत गेली. कोणी मला नावानं हाक मारली नाही. सगळी गल्ली माझं खोटं सांभाळत होती. मी कोणाला सांगितलं नव्हतं, तरी.

राधिकाला आमचंच घर दिसलं. दारात लिंबाची सावली आहे म्हणून. "चल, अठी बसून लिहिता येईल," म्हणाली.

माय घरीच होती.

दारात बसली होती, पायाच्या अंगठ्यात सुतळी अडकवून फडा आवळत. तिनं वर पाहिलं. आधी राधिकाकडे, मग माझ्याकडे. दोघींकडे सारखंच.

"मावशी, आम्ही कॉलेजातून आलो. थोडे प्रश्न विचारू का?"

"इचारा ना बाई. बसा. पानी घेता का?"

"नको मावशी, आमच्याजवळ आहे," राधिकानं बाटली दाखवली.

माय माझ्याकडे वळली. "अन तुमाले, बाई?"

मी मान हलवली. नको. आत माठ होता. सकाळी हापशीवरून पाणी आणून तो मीच भरला होता.

मी लिंबाखाली बसले, मांडीवर फॉर्म घेतला, पेन उघडला.

"नाव?" राधिकानं विचारलं.

मायनं नाव सांगितलं, आणि आडनाव माहेरचं सांगितलं. लग्नानंतर तिनं ते कधी वापरलं नव्हतं. फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात 'सर्वेक्षकाचे नाव' या रकान्यात माझं नाव आधीच लिहिलेलं होतं, आडनावासकट. मायला फारसं वाचता येत नाही. पण कागदावर आडनाव असतं हे तिला ठाऊक होतं. मला हे सुचलं नव्हतं, तिला सुचलं. मी तिच्या माहेरचं आडनाव लिहिलं.

"व्यवसाय?"

"हाच. फडे बांदतो, इकतो."

"किती पिढ्यांपासून?"

"सासऱ्याचाबी हाच व्हता. त्याच्या बापाचाबी."

"मुलं किती, मावशी?"

मायचा हात थांबला. नंतर तिनं सुतळी जोरात ओढली.

"एक."

"मुलगा की मुलगी?"

"पोरगा. अकोल्याले गॅरेजमंदी हाये."

मी लिहिलं. अपत्ये : एक. माझं अक्षर चांगलं आहे. तेव्हाही चांगलंच आलं. कुठं थरथरलं नाही.

"तुमच्याशी कोणी भेदभाव करतं का? म्हणजे शिवाशिव वगैरे?"

"नाई बाप्पा," माय म्हणाली. "आता कोन करते."

तेवढ्यात सर आले. फड्यांच्या ढिगाकडे बघून खूश झाले. "वा! एक नमुना घ्या. प्रदर्शनात लावू." राधिकानं पर्समधून पैसे काढून पायरीवर ठेवले. मायनं एक चांगला, घट्ट बांधलेला फडा निवडला आणि खाली जमिनीवर ठेवला. हातात दिला नाही. ती कोणालाच देत नाही. दारोदार तेच शिकलेली.

राधिकानं बाटलीचं झाकण काढलं. तळहातावर पाणी घेतलं, फड्यावर शिंपडलं. परत एकदा शिंपडलं. मग उचलला.

तिनं यात काहीच विचार केला नाही, हे मी शपथेवर सांगते. देवळात जाताना आपण चपला काढतो, तसं तिचं झालं. चांदूर बाजारला तिच्या घरी नवा फडा असाच घेतात, पाणी शिंपडून. फडा लक्ष्मी आहे. लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू लागतं. फक्त तो बांधणाऱ्यांचे हात त्यावरून आधी धुऊन काढावे लागतात. तिची आई तसं करते, आजी करायची. सरांनीही पाहिलं. सर म्हणाले, "छान. शेवटचा रकाना भरलात का?"

शेवटचा रकाना माझ्या मांडीवर रिकामा होता. भेदभावाचा अनुभव : होय / नाही. फड्यावरून पाणी अजून निथळत होतं. मी 'नाही'वर गोल केला.

ओळखीच्या जगाकडे अनोळखी नजरेनं बघायचं होतं ना? मी बघितलं. पैकीच्या पैकी गुण द्यायला हवे होते मला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा माय चुलीपुढं होती. मी दप्तर ठेवलं आणि उलट तिच्यावरच चिडले. काय बोलावं ते कळत नसलं की माणूस चिडतो.

"तुले सांगितलं व्हतं ना? कावून नाई गेली?"

"मायं घर हाये. मी कावून जाऊ?"

"मंग एक कावून सांगितलं?"

तिनं भाकर तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला. "तुही मान खाली व्हती. मले वाटलं, पोरीले अडचन नको."

मी उभीच होते. पुढच्या भाकरीचा गोळा मळत ती म्हणाली, "पन म्या एक म्हनलं तवा मले वाटलं, तुहा पेन थांबन. थांबला नाई."

रडली नाही. आवाजही चढवला नाही. भाकर उलटली, फुगवली, माझ्या ताटात टाकली. "घे. गरम हाये."

मी खाल्ली. दोन भाकरी खाल्ल्या. दिवसभराची भूक लागली होती. लोक म्हणतात, अशा वेळी घास उतरत नाही. माझ्या घशातून उतरला. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही, कारण मला सगळ्यात जास्त लाज तिचीच वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत मायसोबत फडे विकायला गेले. आठवीपासून मी जाणं बंद केलं होतं. कोणी वर्गातलं भेटेल म्हणून. या वेळी मायनं बोलावलं नाही, मीच निघाले. ती म्हणाली, "उनात कावून येतं?" मी म्हटलं, "येतो."

अमरावतीच्या त्याच कॉलन्या. डॉक्टर, वकील, मास्तर. फाटकाशी थांबायचं, आवाज द्यायचा. बाई बाहेर येते. माय फडा खाली ठेवते. बाई आत जाऊन तांब्या आणते, किंवा नळाची नळीच वळवते. पाणी मारते. मग उचलते. एकीनं फडा चिमटीत धरून पायपुसण्यावर आपटला. एक तरुण बाई, बहुतेक बँकेत असावी, माझ्याकडे बघून ओशाळली. म्हणाली, "राग नका मानू, आमच्या सासूबाईंचं असतं." आणि पाणी शिंपडलं. मी लहानपणी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. कधी दिसलं नव्हतं. आता प्रत्येक फाटकाशी मला माझा तो गोल दिसत होता, 'नाही'भोवतीचा.

मायला विचारलं, "तुले राग नाई येत?"

"येते ना," ती म्हणाली. "कोनाले सांगू? तू त फॉर्मात नाई म्हून लिवलं."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. जे झालं होतं तेच सांगितलं होतं. भर रस्त्यात, डोक्यावर भारा घेतलेल्या मायमागे चालताना मला जमीन दुभंगावी असं वाटलं. आणि मग पहिल्यांदा दुसरं काहीतरी वाटलं. राग. आधी स्वतःचा, मग सरांचा, राधिकाचा, त्या फाटकांचा. इतका राग मला आधी कधी आलाच नव्हता. लाजेनं त्याला जागा ठेवली नव्हती.

सुट्टीनंतर सादरीकरण. सभागृहात तक्ते लावलेले. एका खिळ्याला तो फडा टांगलेला, खाली चिठ्ठी : 'पारंपरिक व्यवसाय – नमुना'. समोर प्राचार्य बसले होते. सरांनी मोठा तक्ता उघडला आणि म्हणाले, "विशेष म्हणजे भेदभावाचा अनुभव एकाही कुटुंबानं नोंदवलेला नाही."

"म्हणजे समाज बदलतोय," प्राचार्य म्हणाले.

"अगदी," सर म्हणाले.

टाळ्या पडल्या. मग आमच्या जोडीचं नाव घेतलं. फॉर्म मी वाचायचा होता, अक्षर माझं म्हणून. राधिका माझ्या शेजारी उभी राहिली, नवा पंजाबी ड्रेस घालून. मी काही ठरवून गेले नव्हते. घरून निघताना मनात एवढंच होतं, की वाचून टाकायचं आणि खाली बसायचं. नाव वाचलं. व्यवसाय वाचला. पुढच्या ओळीवर आले आणि थांबले.

"अपत्ये," मी म्हटलं. "दोन."

राधिका कुजबुजली, "एक आहे. नीट वाच."

"दोन. मोठा मुलगा, अकोल्याला गॅरेजमध्ये. धाकटी मुलगी, अकरावीत." माझा आवाज फुटला. तो सावरून म्हटलं, "ती मी."

प्राचार्य खुर्चीत पुढं सरकले.

"पुढं वाचते. कुटुंबप्रमुखाचं आडनाव चुकीचं लिहिलंय. खरं आडनाव माझंच. भेदभावाचा अनुभव : होय. ठिकाण : राहत्या घराचं दार. कोणी केला : सर्वेक्षणाला आलेल्या दोघींनी. एकीनं फडा उचलण्याआधी त्यावर पाणी शिंपडलं. दुसरीनं स्वतः भरलेल्या माठातलं पाणी नाकारलं, आणि माय समोर बसलेली असताना तिच्या लेकरांत स्वतःला मोजलं नाही. दुसरी मी आहे."

राधिका पांढरी पडली. मग ओरडली, "मी मुद्दाम नाही केलं! आमच्या घरी सगळेच तसं घेतात!" आणि रडता रडता तिची घरची बोली निघाली, "अन तू वं? तू मले खोटं बोलली. शेतकरी म्हने! माह्या डब्यात जेवली."

खोटं मी बोलले होते. पण तिचं शेवटचं वाक्य मी बरोबर ऐकलं. तिला मी खोटं बोलल्याचं जितकं लागलं, तितकंच डब्याचंही लागलं होतं. ती नंतर कधी माझ्या बाकावर बसली नाही.

सर उठले. माझ्या हातातून फॉर्म घेतला, डोळ्यांजवळ धरून बघितला. म्हणाले, "कागदावर एक, तोंडी दुसरं, असं चालत नाही. नवा फॉर्म भरावा लागेल." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज तोच, मऊ. "वेडी आहेस. आधी सांगायचं ना. किती सुंदर केस स्टडी झाली असती! आपण तुझी आणि आईची मुलाखत घेऊ. वार्षिक अंकात छापू. फोटोसहित."

त्यांच्या चेहऱ्यावर माया होती. खरीखुरी. त्या मायेनं माझ्या अंगाची आग झाली.

"नाई सर," मी म्हटलं. त्या कॉलेजात इतक्या जणांसमोर मी पहिल्यांदा घरच्यासारखं बोलले. "आमाले लय इचारून झालं. आता तुमी सांगा. तुमच्या घरी फडा कसा घेतेत?"

सरांचा हात खांद्यावरून निघाला. ते प्राचार्यांकडे बघू लागले, प्राचार्य घड्याळाकडे. मग सर म्हणाले, "पुढची जोडी."

मला पास होण्यापुरते गुण मिळाले. बारावीपर्यंत वर्गात माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. मायला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं." तिनं मला पोटाशी घेतलं नाही. मी तशी अपेक्षाही केली नाही.

आता मी अकोल्यात आहे. एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. म्हणजे तास घेतला तर मोबदला, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते त्यांच्या मर्जीवर. अकरावीला तोच प्रकल्प आहे. वस्ती सर्वेक्षण. सहकारी म्हणाले, सोपं आहे, पोरांना एखाद्या वस्तीत घेऊन जायचं, अर्ध्या दिवसात आटोपतं.

मी पोरांना वस्तीत नेत नाही. आधी मी कोण ते सांगते, माय काय करते ते सांगते. फॉर्मातल्या त्या 'एक'बद्दलही सांगते. ते सांगताना दर वर्षी माझी मान खाली जाते, आणि मी ती तशीच राहू देते, पोरांना दिसावी म्हणून. मग फॉर्म वाटते. म्हणते, आपापल्या घरी जा. स्वतःच्या आईला विचारा, आजीला विचारा. नवा फडा घरात कसा घेता? भांडी घासायला येणाऱ्या मावशीचा कप कुठं ठेवता? ती बसते कुठं? भाडेकरू ठेवताना आडनाव का विचारता? उत्तर मिळालं नाही तर 'उत्तर दिले नाही' असं लिहा. तेही उत्तरच आहे.

मागच्या वर्षी एक पोरगी रिकामा फॉर्म घेऊन आली. चांगल्या खात्यापित्या घरची. म्हणाली, "म्याडम, आमच्या घरी मावशीचा कप वेगळा हाये. खिडकीत. मी रोज पाहात व्हती अन मले माहीतच नव्हतं." तिला मी काही समजावलं नाही. म्हटलं, लिही. एका पोराच्या वडिलांनी फॉर्म फाडला, तो तुकडे चिकटवून घेऊन आला.

गेल्या आठवड्यात आमच्या प्राचार्यांनी बोलावलं. पालकांच्या तक्रारी आहेत. घरातल्या गोष्टी कॉलेजात कशाला? पुढं म्हणाले, "म्याडम, तुम्ही तासिकेवर आहात. पुढच्या वर्षीचा विचार करा. मुलांना एखाद्या वस्तीत न्या ना. रिपोर्टही छान होतो, फोटोही येतात."

मान हलवणं मला येतं. मी त्यात तरबेज होते. क्षणभर वाटलंही, हो म्हणावं. भाऊ म्हणतो, नोकरी सांभाळ, जगात सगळं असंच आहे. तोही चुकीचं बोलत नाही. दर वर्षी जून जवळ आला की मी फोन उशाशी घेऊन झोपते, बोलावणं येईल की नाही या भीतीनं. पण एकदा मान हलवली त्याचं काय झालं ते मी पाहिलेलं आहे. ती लाज जात नाही. तिच्यावर कितीही वर्षं गेली तरी ती काल घडल्यासारखी ताजी राहते. दुसरी तशी लाज घेऊन जगायची माझी तयारी नाही.

प्राचार्यांना म्हटलं, "वस्त्यांना विचारून झालंय, सर. त्यांची उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत. ज्यांना कोणीच विचारलं नाही, त्यांना मी विचारणार आहे. तास काढून घ्यायचे असतील तर लेखी द्या."

त्यांनी अजून लेखी दिलेलं नाही. देतीलही.

पोरांचे घरचे फॉर्म भरून झालेत; येत्या शनिवारी तेच प्रश्न घेऊन आम्ही मोठ्या कॉलनीत जातोय. बंगल्यांना उंच फाटकं आहेत, आत कुत्री आहेत, पोरं थोडी घाबरलेली आहेत. मीही घाबरलेली आहे. पहिली बेल मीच दाबणार आहे.